फाळके यांचा धडा लिहिणाऱ्यांस एका छपाईवाल्याचे खुले पत्र

शालेय पाठ्यपुस्तकांच्या मराठी व इतिहास समित्यांतील सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

मी शिक्षक नाही आणि चित्रपटांचा समीक्षकही नाही. छापखान्याच्या कॅमेरा विभागात माझी ३६ वर्षे गेली. निगेटिव्ह काढायची, ती दिव्याच्या टेबलावर भिंगाखाली तपासायची, प्लेट करायची आणि मशीनवर चार रंग एकमेकांवर नीट बसले की नाही ते पाहायचे, एवढेच माझे काम. त्याच बळावर आपल्याला हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण धुंडिराज गोविंद फाळके हे मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या धंद्यातले एक जुने जाणते म्हणून. चित्रपटकार म्हणून त्यांची ओळख पुढे झाली.

पत्राचे निमित्त घरगुती आहे. नातीला शाळेत दादासाहेब फाळके यांच्यावर पाच मिनिटे बोलायचे होते. तिने लिहून आणलेले भाषण मी वाचले. त्र्यंबकेश्वरी जन्म, लहानपणापासून कलेची ओढ, ख्रिस्ताचा चित्रपट पाहून झालेला साक्षात्कार, पत्नीने दिलेले दागिने, ‘राजा हरिश्चंद्र’, भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, त्यांच्या नावाचा पुरस्कार. एकही वाक्य चुकीचे नव्हते. मी तिला एवढेच विचारले, “पण त्यांनी तो चित्रपट केला कसा?” ती म्हणाली, “कॅमेऱ्याने.” पुढे तिला काही सांगता येईना. तिचा त्यात दोष नाही. तिने जिथून जिथून मजकूर जमवला होता तिथे यापुढचे काही लिहिलेलेच नव्हते.

आपण जेव्हा केव्हा या धड्याची फेररचना कराल तेव्हा त्यात फाळके यांचे काम आणावे, अशी माझी विनंती आहे. काम म्हणजे हाताने केलेले काम, त्याची हत्यारे, त्याचा कच्चा माल आणि त्या मालासाठी एका पारतंत्र्यातल्या माणसाला कुणाकुणाच्या दारी जावे लागले त्याची हकिगत. यातले बरेचसे खुद्द फाळके यांनीच १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांतून मराठीत लिहून ठेवले आहे, त्यामुळे सामग्रीची वाण नाही.

सुरुवात त्या साक्षात्कारापासूनच करतो, कारण सगळी भाषणे तिथूनच उड्डाण घेतात. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येऊ लागली, असे त्यांनी लिहिले आहे, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मात्र त्या खुर्चीत बसलेला माणूस तेव्हा चाळिशीचा होता आणि त्याच्या हातात जवळजवळ २५ वर्षांची कारागिरी मुरलेली होती, हे धड्यात यायला हवे. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखालचे हे कलाभवन प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी उभे केले होते आणि हुन्नर व शास्त्र एकाच छपराखाली शिकवणे हा त्यामागचा हेतू होता. फाळके तिथे चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम, वास्तुकला असे जे मिळेल ते शिकले, आणि तिरंगी ब्लॉक व फोटोलिथोची, म्हणजे फोटोवरून दगडावर चित्र उतरवून छापण्याची, कला त्यांनी रतलामला जाऊन हस्तगत केली. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करून दाखवू लागले. (हे नाव उलटे वाचावे. मुलांना याचा जो आनंद होतो तो एका परिच्छेदाच्या माहितीने होत नाही, हे मी घरी पाहिले आहे.)

१९०३ साली त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी लागली. बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीच्या लाटेत त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. तोच पुढे मुंबईत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा छापखाना लोणावळ्याजवळच मळवलीला होता आणि त्या छापखान्यासाठी फाळके फोटोलिथोचे काम करीत असत. माझ्या धंद्यातल्या माणसाला इथे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती ज्या तंत्राने घराघरांच्या भिंतींवर पोहोचल्या त्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड लागतो. कागद प्रत्येक रंगाला पुन्हा मशीनवर चढतो आणि तो केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. देवाचे रूप हजारो प्रतींत अचूक उमटवायचे तर त्यामागे किती क्षुद्र वाटणाऱ्या मोजमापांची शिस्त लागते, हे फाळके यांना चित्रपटगृहात शिरण्याआधीच पक्के ठाऊक होते. १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. त्यानंतर भागीदारांशी बिनसले आणि ते छापखान्यातून बाहेर पडले. मग ख्रिस्ताचा चित्रपट. भिंतीवरचे देव पडद्यावर चालू शकतील हे ज्याला त्या अंधारात सुचले, त्याने ते देव भिंतीवर आणण्याचे काम आधी हाताने केलेले होते.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकू नये, अशी माझी आपल्याला विशेष विनंती आहे. स्वदेशीसाठी सरकारी नोकरी सोडणारा हा माणूस छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीला गेला आणि चित्रपटाच्या विद्येसाठी थेट लंडनला. १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी १०,००० रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीत पाय ठेवला. तत्पूर्वी महिनोन्‌महिने रोज चित्रपट पाहून आणि घरी प्रयोग करकरून डोळे इतके शिणले होते की काही काळ दिसेनासे झाले होते, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी ते सावरले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना, ते ओळखदेख नसताना जाऊन भेटले. त्यांनी आधी या नादापासून परावृत्त करून पाहिले, मग मदत केली आणि वॉल्टनला सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकाराच्या स्टुडिओत नेले. हेपवर्थ यांनी आपला कारखाना मोकळेपणाने दाखवला. राज्यकर्त्यांच्या देशातल्या कारागिरांनी गुलाम देशातल्या कारागिराला हातचे राखून न ठेवता शिकवले, ही गोष्ट आपल्या राष्ट्रीय कथेत नीट बसत नाही म्हणून ती गाळली जात असावी. माझ्या मते ती ठेवावी. विल्यमसन कंपनीचा ५० पौंडांचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी, एवढा संसार जमवून ते एप्रिल १९१२ मध्ये परतले. भारतीय चित्रपटाचा कॅमेरा इंग्रजी होता आणि फिल्मही परदेशी. स्वदेशी होती ती गोष्ट, माणसे, मेहनत आणि ऊन. ऊन मी थट्टेने लिहीत नाही, कारण चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई आणि ढग आला की सगळी कंपनी हात बांधून बसे.

आता दागिन्यांकडे येतो. सरस्वतीबाईंनी दागिने दिले हे प्रत्येक भाषणात असते आणि बहुधा त्यांच्याविषयी तेवढेच असते. त्यांनी काय केले ते जरा जवळून पाहू.

त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांशिवाय येत असे. ही छिद्रे कॅमेऱ्यातल्या आणि प्रोजेक्टरमधल्या दात्यांत अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. म्हणजे एका फुटाला १२८ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. गुणाकार मी नातीकडून करवून घेतला. उत्तर आले ४,७३,६००, आणि ते फक्त एका प्रतीचे. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी, गावोगावी पाठवायच्या प्रती वेगळ्या. छिद्रे यंत्राने पडत, पण यंत्र हाताने चालवायचे आणि तेही अंधारात, कारण न वापरलेल्या फिल्मला उजेड दिसला की ती संपलीच. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई रात्री करीत. डार्करूमचा ज्यांना अनुभव नाही त्यांना सांगतो की तिथे डोळ्यांचे काम बोटांना करावे लागते. फिल्मची कड कुठे आहे, ती सरळ सरकते आहे की तिरकी जाते आहे, कुठे कातरली जाते आहे, हे स्पर्शाने कळायला हवे. एक छिद्र किंचित इकडेतिकडे झाले की पडद्यावर राजा हरिश्चंद्राचे अख्खे राज्य थरथरते. आमच्या छपाईत याला रजिस्टर सुटणे म्हणतात. तिथे कागद सरकतो, इथे काळ सरकतो, एवढाच फरक.

रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे हेही त्या शिकल्या होत्या. चित्रीकरणाच्या वेळी नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहणे त्यांच्याकडे होते, आणि साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाकही. आजच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या एकेका कामाला वेगळे नाव आणि वेगळा माणूस असतो. तेव्हा धड्यात ‘पत्नीने दागिने दिले’ हे वाक्य जरूर ठेवा, पण त्याच्या आधी ‘पत्नीने फिल्म तयार केली’ हे वाक्य येऊ द्या. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ असे मी त्यांना म्हणतो. आपल्या समितीला हे विशेषण जास्त वाटले तर विशेषण गाळावे, काम गाळू नये.

दागिन्यांच्याही आधी एक वाटाणा आहे. भांडवल मिळवायचे तर हाती काही दाखवायला हवे, म्हणून फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर एका जागी ठेवून रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने एकेक चित्र घेत टिपली. आठवडे गेले. ती पट्टी सलग चालवल्यावर जेमतेम मिनिटभरात माती दुभंगून कोंब वर आला, डोलत वाढला आणि त्याचा वेल झाला. हे पाहून यशवंत नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे दिले. जादूगार, छायाचित्रकार आणि धीर धरणारा कारागीर हे तिघे एकाच कुंडीपाशी बसलेले मला या प्रसंगात दिसतात, आणि ज्या मुलाला हा प्रसंग समजला त्याला चित्रपट म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागणार नाही.

पुढची हकिगत बऱ्यापैकी परिचित आहे, म्हणून भरभर सांगतो. स्त्रीभूमिकेसाठी कुणी बाई तयार होईना. ज्यांना समाज आधीच वाईट ठरवून मोकळा झाला होता त्या स्त्रियांनीही नकार दिले. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके महिना १० रुपयांवरून १५ रुपयांवर आले आणि तारामती झाले. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी मिशा काढाव्यात की नाही यावरही वाद झाले, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, अशी रीत. दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र हा हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नाके मुरडत, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगण्याची सूचना मंडळींना दिलेली होती. ही फॅक्टरी दादरच्या मुख्य रस्त्यावरच्या घरात होती आणि आज तोच रस्ता दादासाहेबांच्या नावाने ओळखला जातो.

वांगणीचा प्रसंग मात्र जरा रेंगाळून सांगण्यासारखा आहे. बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी या गावी उतरली तेव्हा तलवारी-भाले घेतलेले अनोळखी लोक पाहून दरोडेखोर आल्याचा बोभाटा झाला आणि पोलिसांनी त्यांना अडकवले. फाळके मागाहून पोचले आणि त्यांनी कॅमेरा उघडून, सगळी सामग्री दाखवून खुलासा केला तेव्हा कुठे सुटका झाली. हा किस्सा सहसा हशासाठी सांगितला जातो, पण १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगायची बंदी होती, हे सोबत सांगितले की त्याचा रंग पालटतो. पुराणातल्या राजाने कमरेला तलवार लावावी, हेसुद्धा पोलिसाला समजावून द्यावे लागेल असा तो देश होता.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. मुंबईबाहेर सगळे इतके सोपे नव्हते. सुरतेला पहिल्या दिवशी तीन रुपयांचा गल्ला जमला, कारण तेवढ्याच पैशांत रात्रभराचे नाटक पाहायला मिळत असताना तासाभराच्या खेळाला कोण येणार? फाळके यांनी जाहिरात बदलली आणि ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, तिकीट फक्त तीन आणे, असा पुकारा केला. मग गर्दी झाली. मी हिशेब करून पाहिला. ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रे बसतात, म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा. दोन मैल म्हणजे मात्र साडेदहा हजार फुटांच्या वर. तिथे प्रोफेसर केळफा बोलत होते.

‘पहिला’ या शब्दाबद्दल दोन ओळी लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावरून दरवर्षी वादंग होतात आणि मुले गोंधळतात. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. ती पाहून कॅमेरा घेतलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. कलकत्त्यात हीरालाल सेन त्याच सुमारास रंगभूमीवरचे प्रवेश टिपत होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे हरिश्चंद्राच्या वर्षभर आधी, कोरोनेशनमध्येच लागला होता. ते चित्रित केलेले नाटक होते, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती. ही माहिती चार वाक्यांत दिल्याने फाळके यांचा मान तसूभर कमी होत नाही. कुंडीतल्या वाटाण्यापासून पडद्यावरच्या खेळापर्यंतची सगळी साखळी त्यांनी आपल्या घरात उभी केली, हे त्यांचे वेगळेपण इतरांची नावे घेतली की अधिक स्पष्ट दिसते. तसेच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, यांची नावे यावीत. फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या चित्रपटात एक पार्वती झाली आणि दुसरी मोहिनी, आणि अण्णा साळुंके यांना ज्या जागेवर उभे राहावे लागले होते तिथे बाई उभी राहिली. साळुंके यांचे काम थांबले नाही हेही लगेच सांगितले पाहिजे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामही तेच आणि सीताही तेच, आणि लोकांनी ते बिनतक्रार पाहिले.

परकी सत्ता फाळके यांच्या आयुष्यात कशी वावरली, याचे उत्तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकात बहुधा बंदी आणि सेन्सॉर या शब्दांत दिले जाईल. ते अर्धेच आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, तेव्हा पौराणिक कथेत चालू राजकारण दिसू शकते हे दोन्ही बाजूंना कळलेले होते. चित्रपटांसाठीचा स्वतंत्र कायदा मात्र १९१८ मध्ये झाला आणि सेन्सॉर मंडळे १९२० पासून काम करू लागली. त्यानंतर विदुराला गांधींसारखे दाखवल्यावरून ‘भक्त विदुर’ या चित्रपटावर काही प्रांतांत बंदी आली, पण तो चित्रपट फाळके यांचा नव्हता. त्यांना सरकारी कात्रीची फारशी झळ लागली नाही. त्यांची मानगूट धरली ती पुरवठ्याने. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणा झाली आणि ती नाकारून ते परतले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले. फिल्म समुद्रापलीकडून येणार, बोटी युद्धात गुंतलेल्या, भाव चढलेले आणि सावकारांनी हात आखडते घेतलेले. दादरहून एव्हाना नाशिकला हलवलेल्या कारखान्यात माणसे होती, कथा होत्या, ऊन होते, फिल्म नव्हती. पारतंत्र्याचा हा अर्थ मुलांना समजावून देणे अवघड नाही, उलट फितुरी आणि फाशी यांपेक्षा तो त्यांच्या रोजच्या जगण्याला अधिक जवळचा आहे.

त्यानंतरचा काळ मी थोडक्यात आटोपतो. १९१८ मध्ये भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ यांत लेक मंदाकिनी कृष्ण झाली आणि पैसा आला. पैशामागून खर्चावरचे वाद आले आणि फाळके सगळे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी नाटक लिहिले, ते चालले नाही, आणि ते परत त्याच कंपनीत आले. छापखान्यातल्या भागीदारांशीही त्यांचे पटले नव्हते, हे आधी आलेच आहे. हा माणूस भागीदारीला अवघड होता. ही गोष्ट चरित्रातून का गाळावी? बोलपट आला तेव्हा त्यांची साठी उलटली होती. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला, तो त्यांचा अखेरचा. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर पुन्हा नियंत्रण आले आणि चित्रपट काढायला सरकारचा परवाना लागू लागला. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी त्यासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

त्यांनी काढलेल्या शंभराच्या आसपासच्या चित्रपटांपैकी आज उरले आहेत ते बहुतेक तुकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवातीची आणि शेवटची रिळे आहेत आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. नायट्रेटची फिल्म कापसासारखी पेटते आणि न पेटता ठेवली तरी सडते. शिवाय जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठी भंगारात जात. हीरालाल सेन यांची सगळी कमाई १९१७ मध्ये एका आगीत गेली. म्हणूनच उरलेल्यातली एक गोष्ट वर्गात दाखवावी, असे सुचवतो. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला कृष्ण येत नाही. येते ती मंदाकिनी फाळके, सात वर्षांची, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. त्यानंतर तिचाच कृष्ण होतो. वडिलांनी देव दाखवण्याआधी देवाचे सोंग कोण घेते आहे ते दाखवून टाकले. ज्यांना हरिश्चंद्राच्या फॅक्टरीचे दार लोकांसाठी उघडे ठेवायचे होते, ज्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच १९१७ मध्ये एक लघुपट काढला, त्यांचा धडा आपण दार बंद करून शिकवतो, याचे मला वाईट वाटते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. धड्याखालच्या स्वाध्यायात ‘फाळके यांना जनक का म्हणतात?’ हा प्रश्न असेल तर त्याच्या जागी वाटाणा यावा. आम्ही घरी करून पाहिले आहे. मोबाइल एका जागी घट्ट बसवायचा, कुंडी हलवायची नाही, रोज सकाळी ठरलेल्या वेळी आणि दुपारी ठरलेल्या वेळी एकेक फोटो घ्यायचा, आणि तीन आठवड्यांनी ते सगळे ओळीने चालवायचे. नातीकडून नवव्या दिवशी कुंडी थोडी सरकली. चित्रे चालवल्यावर रोप त्या जागी टुणकन उडी मारते. तिने ते स्वतःच ओळखले आणि पुन्हा पेरणी केली. या खेपेस कुंडीभोवती खडूने गोल आखून घेतला आहे. स्वाध्यायात ती सूचनाही घालावी, म्हणजे मुलांचे दहा दिवस वाचतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त छपाई कामगार